मिरीच्या पेठेत चार तास

कोचीच्या वेलिंग्डन बेटाला प्रवासी जहाज लागले की धक्क्यावर बसगाड्या तयारच असतात. चार तासांत जुने शहर दाखवून प्रवाशांना परत जहाजावर पोहोचवायचे, हा मार्गदर्शकाचा हिशेब. पाय ठेवला ते बेट बहुतांशी माणसाने घडवलेले आहे, हे मात्र घाईत सांगायचे राहून जाते. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध आडवा पसरला होता; मोठी जहाजे बाहेर समुद्रात नांगर टाकीत आणि माल होड्यांतून येई-जाई. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने तो बांध कापला, उपसलेल्या गाळातून बेट वाढवले आणि मे १९२८ मध्ये ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात शिरली.

फेरीचा पहिला टप्पा फोर्ट कोचीचा. दगडांच्या वजनावर वरखाली होणारी चिनी जाळी पाहून सर्वजण छायाचित्रे काढतात. जवळच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को-द-गामाची रिकामी कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. मार्गदर्शक येथे बराच वेळ घेतो. वास्तविक या दर्यावर्द्यापेक्षा त्याला इतक्या दूर ओढून आणणारी वस्तू अधिक पाहण्याजोगी आहे, आणि ती अर्ध्या तासाच्या अंतरावर मट्टनचेरीच्या पेठेत आजही गोण्यांत भरलेली आढळते. ती म्हणजे काळी मिरी.

मट्टनचेरीचा राजवाडा ‘डच पॅलेस’ म्हणून ओळखला जात असला तरी तो बांधला पोर्तुगिजांनी, सुमारे १५५५ मध्ये, आणि राजाला भेट दिला. आत रामायणाची अप्रतिम भित्तिचित्रे आहेत. भेटीमागचा हेतू व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही उमगेल: वाडा एकदाच द्यायचा असतो, मिरी दरवर्षी न्यायची असते. १६६३ मध्ये डचांनी किल्ला घेतला, वाड्याची डागडुजी केली आणि त्याच वर्षीच्या करारान्वये मिरी व दालचिनी यांच्या खरेदीचा मक्ता पदरात पाडून घेतला. कंपनी देईल तो भाव आणि कंपनीलाच माल, असा हा व्यवहार. तो भाव बाजारापेक्षा कमी असे. तेव्हा माल आपल्या वाटा शोधू लागला. घाटातून बैलांच्या पाठीवरून मिरी पलीकडे तमिळ प्रदेशात उतरू लागली आणि पहारे बसवूनही डचांना ती वाहतूक पुरती रोखता आली नाही.

राजवाड्यालगतच यहुद्यांची गल्ली आहे. तिच्या टोकाला १५६८ चे सिनेगॉग असून त्याच्या जमिनीवर हाताने रंगवलेल्या निळ्या चिनी फरशा आहेत. (शनिवारी ते बंद असते, जहाज त्या दिवशी लागणार असेल तर आधीच चौकशी करावी.) येथील १७६० चा घड्याळाचा मनोरा एझेकियल राहबी या व्यापाऱ्याने बांधविला. डच कंपनीचा मुख्य व्यापारी म्हणून मिरीची खरेदी तो पाही आणि राजेरजवाड्यांशी बोलणीही करी. त्याच्या समाजातील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली. आता गल्लीत जुन्या वस्तूंची आणि शालींची दुकाने आहेत, मनोरा उभा आहे. घरी जन्मलेली माणसे जवळपास उरलेली नाहीत.

बहुतेक फेऱ्या येथूनच बसकडे वळतात. जैन प्रवाशांनी मात्र मार्गदर्शकाला सकाळीच सांगून ठेवावे, कारण जवळच गुजराती रोड आहे. कच्छ-सौराष्ट्रातून आलेल्या व्यापाऱ्यांनी येथे पेढ्या घातल्या आणि १९०४ मध्ये पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ यांचे मंदिर उभारले. दुपारी आवारात पारव्यांना दाणे टाकतात, तेव्हा थवेच्या थवे खाली उतरतात. चिनी जाळ्यांपाशी पाच मिनिटे कमी केली तरी एवढा वेळ सहज निघतो.

मंदिरातून बाजार रोडकडे चालत गेले की वखारींची लांबच लांब ओळ लागते. मागची दारे थेट खाडीवर उघडतात. पूर्वी माल होडीतून परस्पर वखारीत उतरत असे. आज बराच व्यवहार अन्यत्र गेला आहे, अनेक वखारींत चित्रप्रदर्शने आणि उपाहारगृहे आली आहेत. तरी एखाद्या दारातून सुंठीचा आणि मिरीचा वास अंगावर येतोच. सोबत मुले असतील तर तेथे थांबून दुकानदाराला विचारावे की मिरीचा दाणा पारखतात कसा. तो मूठभर दाणे तळहातावर घेईल, हलके पोकळ दाणे फुंकरीने उडवील आणि उरलेले मुलांच्या हातावर ठेवील.