कित्ता बदलण्यापूर्वी

मे महिन्याच्या सुट्टीत अनेक घरांत एक ठरलेला कार्यक्रम असतो. पहिली-दुसरीतल्या मुलाचे इंग्रजी अक्षर सुधारायचे म्हणून कर्सिव्हचे पुस्तक आणले जाते. पंधरा-वीस पाने गिरवून होतात, पण अक्षर मनासारखे येत नाही. मग कोणीतरी दुसऱ्या प्रकाशनाचे पुस्तक सुचवते. त्यातली अक्षरे जरा तिरकी असतात आणि प्रत्येक अक्षर खालच्या रेघेवरून सुरू होते. जूनमध्ये शाळा उघडली की कळते, वर्गातल्या बाईंचे वळण तिसरेच आहे. तोवर मुलाने एकच ‘आर’ तीन तऱ्हांनी काढलेला असतो आणि तिन्ही वेळा ‘असा नाही, असा’ हेच ऐकलेले असते.

पालकांची तळमळ खरी असते, यात शंका नाही. पण कित्ता बदलणे हा वाटतो तितका निरुपद्रवी उपाय नाही. गणिताचे पुस्तक बदलले तरी बेरीज तीच राहते. कित्ता बदलला की हाताची हालचालच बदलते.

अक्षर लिहिणे म्हणजे त्याचे चित्र काढणे नव्हे. सुरुवात कुठून करायची, वळण कोणत्या दिशेने घ्यायचे, पेन कुठे उचलायचे, हा सगळा क्रम मेंदू साठवून ठेवतो. सुरुवातीला मूल प्रत्येक रेघ डोळ्यांनी तपासत लिहिते. पुरेसा सराव झाला की तो क्रम आपोआप घडू लागतो आणि मुलाचे लक्ष स्पेलिंगकडे, वाक्याकडे, मनातल्या विचाराकडे वळते. अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम, व्हर्जिनिया बर्निंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पहिली ते सहावीच्या ६०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले किती सहज अक्षरे लिहितात, याचा त्यांच्या निबंधलेखनाशी थेट संबंध त्यात दिसला. सुंदर दिसणे हा अक्षराचा एक गुण झाला. सहज उतरणे हा त्याहून महत्त्वाचा.

ही सहजता येण्याच्या बेतात असतानाच वळण बदलले, तर जुनी सवय पुसली जात नाही. ती नव्या सवयीशी झगडत राहते. मराठी टंकलेखनाचा एक कीबोर्ड बोटांत बसलेल्या माणसाला अचानक दुसरा दिला, तर त्याची जी अवस्था होते तीच या मुलाची होते. फरक इतकाच, की मोठ्या माणसाला आपण का अडखळतो हे ठाऊक असते. सात वर्षांच्या मुलाला मात्र ‘माझे अक्षर घाण आहे’ एवढेच कळते.

आपल्याकडच्या मुलावर मुळातच ओझे अधिक आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, तर इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते. त्यात इंग्रजीची मोठी लिपी, लहान लिपी आणि कर्सिव्हमध्ये पुन्हा दोन्ही, म्हणजे सव्वीस अक्षरांचे चार संच. एवढे सांभाळणाऱ्या हातावर दरवर्षी नवे वळण लादण्याला सबळ कारण हवे.

कोणती पद्धत सर्वश्रेष्ठ, याचा निकालही जगात लागलेला नाही. सुट्या अक्षरांतून कर्सिव्हकडे जाताना मुले अडखळतात, म्हणून अमेरिकेत १९७८ मध्ये डोनाल्ड थर्बर यांची ‘डीनीलियन’ पद्धत आली. तिच्यात सुट्या अक्षरांनाच शेपट्या होत्या, म्हणजे पुढे ती जोडणे सोपे जावे. नंतरच्या तुलनांत तिचा स्पष्ट फायदा सिद्ध झाला नाही. फिनलंडने २०१६ पासून कर्सिव्ह सक्तीचे ठेवले नाही, तर कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून ते शाळांत परत आणले. तेव्हा ‘हेच पुस्तक उत्तम’ हा दुकानातला दावा फार मनावर घेऊ नये. दोन चांगल्या पुस्तकांतल्या फरकापेक्षा, हाती घेतलेल्या एका पुस्तकाचा नियमित सराव मुलाला अधिक देऊन जातो.

ही जाण मराठीला नवी नाही. बाळबोध आणि धावती मोडी अशा दोन लिप्या इथल्या लिहिणाऱ्यांनी शतकानुशतके सांभाळल्या. दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असा आग्रह समर्थांनी तिथे धरला आहे. भर आहे तो सातत्यावर.

म्हणजे कित्ता कधीच बदलू नये का? तसे नाही. अक्षर मुलाला स्वतःलाच नंतर वाचता येत नसेल, शाळा ठरावीक वळणासाठी अडून बसली असेल किंवा आधीचे पुस्तक अक्षर कुठून सुरू करायचे हेच दाखवत नसेल, तर बदल योग्यच आहे. ‘शेजारच्या मुलीचे अक्षर मोत्यासारखे आहे’ हे मात्र कारण होऊ शकत नाही.

बदलायचेच ठरले, तर दोन्ही पुस्तके आधी शेजारी ठेवून पाहावीत. ए, सी, डी, जी, ओ, क्यू ही गोल वळणाची लहान अक्षरे बहुतेक पद्धतींत जवळपास सारखीच असतात. फरक प्रामुख्याने मोठ्या अक्षरांत, सुरुवातीच्या रेघेत, तिरकेपणात आणि एफ, आर, एस, झेड अशा थोड्या लहान अक्षरांत असतो. मग सव्वीसच्या सव्वीस अक्षरे पुन्हा गिरवून घेण्याची गरज काय? जे सहज येते ते तसेच राहू द्यावे. वेगळी असलेली अक्षरे दोन-तीनच्या गटाने, रोज दहा-पंधरा मिनिटे घ्यावीत. त्या काळात निबंधाच्या किंवा गृहपाठाच्या वहीत जुने वळण आले तर टोकू नये. आणि हे सारे सुट्टीच्या सुरुवातीला करावे, परीक्षेच्या तोंडावर नव्हे.

आणखी एक धोका अधिक गंभीर आहे. काही मुलांची अडचण पुस्तकात नसतेच. सहलीची गोष्ट तोंडी रंगवून सांगणारे मूल वहीत दोन ओळींवर थांबते, लिहिताना हात दुखतो म्हणते, अक्षरे रेघेवर बसवता बसवता थकते. अशा वेळी डिसग्राफिया म्हणजे लेखनअक्षमता असू शकते किंवा हातांच्या हालचालींचा समन्वय कमी असू शकतो. हे मूल आळशी नसते. त्याला बालविकासतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची मदत लागते. घरात पुस्तकामागून पुस्तक बदलत राहिले, तर ही मदत मिळायला एक-दोन वर्षे उशीर होतो आणि तोवर मुलाला लिहिण्याचाच तिटकारा आलेला असतो.

शाळांनीही थोडे सैल व्हावे. अक्षर वाचता येत असेल आणि वेग पुरेसा असेल, तर घरी शिकलेला ‘आर’ वर्गातल्या ‘आर’पेक्षा वेगळा आहे म्हणून लाल शेरा मारण्यात काही साधत नाही.

पुढचे पुस्तक विकत घेण्यापूर्वी पालकांना एक साधी चाचणी घेता येईल. मुलाला ओळखीचे एक वाक्य मिनिटभर पुन्हा पुन्हा लिहायला सांगावे, अक्षरे मोजावीत आणि तारीख घालून कागद जपून ठेवावा. महिन्याभराने तेच वाक्य पुन्हा लिहून घ्यावे. अक्षरांची संख्या वाढली असेल आणि मजकूर वाचता येत असेल, तर हातातले पुस्तक आपले काम करीत आहे. ते पूर्ण होऊ द्यावे.