आईला विचारलंत का?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की मराठी घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आईला काही सांगायचं नाही हं." भावंडांचा हा ठराव डॉक्टरांच्या केबिनबाहेरच मंजूर होतो आणि मग आत जाऊन डॉक्टरांनाही तशी तंबी दिली जाते. फाइल कपाटाच्या वरच्या खणात जाते. केमोला 'ताकदीची सलाइन' म्हणायचं ठरतं. पण परळला टाटाच्या ओपीडीत चार तास बसून आलेल्या बाईला आपण तिथे सर्दीसाठी गेलो नव्हतो, एवढं समजतंच. ती बोलत नाही, कारण पोरं खचतील. पोरं बोलत नाहीत, कारण आई खचेल. या सगळ्याला आपण 'आशा जिवंत ठेवणं' म्हणतो.

मला हे पटत नाही. त्यात आशा असेलही, पण ती मुलांची. आईची आशा कशात आहे, हे कुणी तिला विचारलेलंच नसतं.

तिला विचारायचं तर आधी आजार आपल्याला नीट कळायला हवा. फोर्थ स्टेज म्हणजे बहुतेकदा आजार मूळ जागेवरून यकृतात, हाडांत, फुप्फुसांत किंवा मेंदूत पोचला आहे. अशा बहुतेक कॅन्सरमध्ये तो मुळासकट जाईल असं कुठलाच प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही. पण म्हणून सगळं उद्याच आटोपतं असंही नाही. हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणारा स्तनाचा कॅन्सर कित्येकींमध्ये काही वर्षं आटोक्यात राहतो. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ठरावीक जनुकीय बदल सापडला तर रोजच्या गोळीवर माणूस हिंडता-फिरता राहतो. म्हणून "स्टेज कोणती?" एवढ्यावर थांबू नका. "प्रकार कोणता, आणि जनुकीय तपासणी लागेल का?" हेही विचारा.

त्यानंतर येतो तो दबक्या आवाजातला प्रश्न: "किती दिवस?" डॉक्टर नाइलाजाने एक आकडा सांगतात आणि घर त्या आकड्याला कॅलेंडरवरची तारीख समजतं. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या अस्तराचा दुर्मीळ कॅन्सर झाला. त्या आजाराच्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान तेव्हा आठ महिने होतं. गूल्ड आकडेवारीतले जाणकार. त्यांनी ओळखलं की मध्यक आठ महिने याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात, आणि त्या निम्म्यांतले काही तर खूपच जास्त. ते स्वतः पुढे वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये वेगळ्याच कॅन्सरने गेले. आजार झाला तेव्हा त्यांचं वय अवघं चाळीस होतं, ही गोष्ट विसरू नये. सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या बाबांना हा दाखला देऊन धीर देण्यात अर्थ नाही. पण डॉक्टरांचा आकडा ही मुदत नसते, एवढं त्यातून घ्यावं.

मग आई-बाबांना हवं तरी काय असतं? मोकळेपणी विचारलं तर उत्तरं अगदी जमिनीवरची येतात. गणपतीला गावी जायचंय. सात-बारावर धाकट्याचं नाव चढवायचंय. बांगड्याचं तिखलं खायचंय, तोंडाला चव नसली तरी. एकाशी अबोला धरलाय, तो मिटवायचाय. आणि यातलं बरंचसं जमण्यासारखं असतं. आजार दाबून ठेवण्यासाठी दिलेल्या केमोचं चक्र कधी कधी आठवडाभर पुढे ढकलता येतं. डॉक्टरांना आधी विचारायचं, इतकंच. पण 'ताकदीच्या सलाइन'वर असलेली बाई असं मागणार कशी? तिला वाटतं, सलाइन चुकली तर ताकद जाईल. गणपती घरच्यांनी परस्पर रद्द केलेला असतो.

सगळ्यात वाईट हाल होतात ते दुखण्याने. मॉर्फीनचं नाव काढलं की नातेवाईक हादरतात: "म्हणजे आता संपलंच?" आणि "सवय लागेल ना!" कॅन्सरच्या वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फीनचं व्यसन क्वचितच लागतं. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी घ्यायची असते. दुखायची वाट पाहायची नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतं. मॉर्फीनची भीती आपल्या कायद्यानेही जोपासली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर हॉस्पिटलांना परवान्यांसाठी इतके खेटे घालावे लागत की अनेकांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, तरी आजही तालुक्याच्या गावी ते सहज मिळत नाही. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून वेदना कमी करण्याचं काम करतं. लोक तिथे पोचतात ते मात्र अगदी शेवटी, हात टेकल्यावर.

खरं तर उलट हवं. बोस्टनच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासून वेदना, झोप, भीती, घरची घडी हे सगळं पाहणारी पॅलिएटिव्ह सेवा दिली होती. त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं, शेवटच्या दिवसांतले जबर उपचार कमी झाले, आणि तरीही मध्यक आयुर्मान ११.६ महिने निघालं, बाकीच्यांचं ८.९. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. जगणं सुसह्य झालेलं मात्र अनेकदा दिसलं.

हे सगळं जुळून येत असतं, तेवढ्यात न्यू जर्सीहून थोरला उतरतो. वर्षभर उशापायथ्याशी बसलेल्या बहिणीला तो विचारतो, "दुसरं ओपिनियन घेतलं का? व्हेंटिलेटरचं काय ठरलंय?" कुणी शेजारी लक्ष्मणफळाची पानं आणून देतो, कुणी बंगळुरूच्या बाबाचा नंबर. थोरल्यावर मी फार चिडत नाही. त्याच्या वाट्याला न आलेलं वर्ष तो चार दिवसांत भरून काढू पाहत असतो. त्याला पुढच्या भेटीत व्हिडिओ कॉलवर घ्या, आईलाही तिथेच बसवा आणि डॉक्टरांना सांगा, आता तिच्याशी बोला. एकदम सगळं नको. तिला झेपेल आणि ती विचारेल तेवढंच. "मला काही ऐकायचं नाही, तुम्हीच बघा," असं ती म्हणाली तर तेही चालेल. तो निर्णय निदान तिचा असेल.

पहिला प्रश्न तिला विचारू द्या. माझा अंदाज असा की तो आजाराचा नसेलच. "आतापर्यंत खर्च किती झाला?" असं ती विचारेल. त्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघू नका. फुले जन आरोग्य योजनेत किती बसलं, एफडी मोडली का, तिच्या पाटल्या अजून घरात आहेत का, हे तिला खरं सांगा.