प्रवेशानंतरचे वर्ष



जूनमध्ये अंबडजवळच्या वाडीतली एक मुलगी कॉलेजात गेली. घरातली पहिलीच. आम्ही पेढे वाटले, वर्गणी काढून फी भरली, बैठकीत तिचे नाव अभिमानाने घेतले. दसऱ्यानंतर आईवडील ऊसतोडीला गेले. आजी आणि धाकटी भावंडे तिच्यावर आली. परीक्षेचा फॉर्म कधी निघाला, तारीख कधी उलटली, तिला कळलेच नाही. ३ जानेवारीच्या सावित्रीबाई जयंतीचे बोलावणे घेऊन मी गेले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘ताई, माझं कॉलेज सुटलं.’’ मधल्या तीन महिन्यांत आमच्यापैकी एकीनेही चौकशी केली नव्हती. हा दोष माझाही आहे.

प्रवेश मिळवून दिला की आपले काम संपले, असे आपण धरून चालतो. पण खरी अडचण तिथूनच सुरू होते. २०२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाने पहिल्याच वर्षात मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द आणले. शिक्षकाच्या मुलीला ते घरात कोणी समजावते. मजुराच्या मुलीने कोणाला विचारायचे? शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँकखाते. एकेका कागदासाठी तहसीलच्या खेपा, म्हणजे एकेक बुडालेला रोज. अहिल्यादेवींच्या नावाचा एसटीचा मोफत पास ग्रामीण मुलींना बारावीपर्यंतच. पुढे सवलतीत का होईना, पैसे मोजावे लागतात.

आणि याच वर्षी मुलगी अठराची होते. बालविवाह थांबवायला आपण रात्री-अपरात्री धावतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचे शिक्षण लग्नासाठी तोडले जाते, तेव्हा कायदा आडवा येत नाही. तिथे आपणच उभे राहायला हवे.

म्हणून आम्ही ठरवले आहे: पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीमागे गटातली एक बाई. ती महिन्यातून एकदा घरी जाईल, परीक्षेच्या तारखा विचारील, दाखल्यांसाठी सोबत जाईल. टोळी निघण्याआधी आईवडिलांशी बसून भावंडांची सोय लावील. मोफत पास पदवीपर्यंत मिळावा, ही मागणीही आपण सर्वांनी मिळून लावून धरू.

त्या मुलीचा फॉर्म पुन्हा भरायचा आहे. या वेळी तारीख मी लिहून ठेवली आहे. तुमच्या गावातल्या मुलींच्या तारखा तुमच्याकडे आहेत का?