रिबन, चेंडू आणि पाठीचा कणा

कन्या रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जाऊ लागली की घरात काही नवे शब्द येतात. पालकांनी ते समजून घ्यावेत. कोणत्या हालचालीचा ताण शरीराच्या कोणत्या भागावर पडतो, हे त्यांवरूनच उमगते.

1984 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेपासून ऑलिम्पिकमध्ये असलेला हा खेळ तेथे केवळ महिलांचा आहे. 13 मीटर लांब व तितक्याच रुंद गालिच्यावर, संगीताच्या साथीने, खेळाडू सव्वा ते दीड मिनिटांची रचना एकटीने सादर करते. हाती हूप, बॉल, क्लब्ज किंवा रिबन यांपैकी एक साधन असते. दोरी हेही या खेळाचे जुने साधन. बॉल बोटांनी घट्ट धरायचा नसतो, तळहातावर तोलायचा असतो. प्रौढ गटाची रिबन 6 मीटर लांब असते आणि ती गाठ न पडता सतत खेळती ठेवावी लागते. येथे मनगट आणि खांदा राबतात.

शरीराच्या अवघड हालचालींचे तीन मुख्य गट आहेत. पहिला लीप, म्हणजे झेप. तीत पाय हवेतच पूर्ण फाकावे लागतात. उतरताना भार घोट्यांवर व गुडघ्यांवर येतो. दुसरा बॅलन्स, म्हणजे एका पायावर, बहुधा चवड्यावर, साधलेला स्थिर तोल. तिसरा रोटेशन, चवड्यावर घेतलेल्या गिरकीस पिव्हट म्हणतात. बॅलन्स किंवा पिव्हट करताना पाय मागून वर उचलला, की कमरेच्या मणक्यांवर मोठा ताण येतो.

आता लवचिकतेविषयी. तिचे दोन प्रकार असतात. जमिनीवर बसून, शरीराच्या भाराने पाय फाकणे ही एक; उभे राहून केवळ स्वतःच्या स्नायूंच्या बळावर पाय तितकाच उंच नेणे ही दुसरी. पहिली पुष्कळ आणि दुसरी थोडी असेल, तर सांध्याला आधार देणारे बळ अपुरे आहे असे समजावे. अशा वेळी आणखी ताणण्यापेक्षा पोट, पाठ व नितंबाचे स्नायू बळकट करणे हिताचे. मूल रडत असताना त्याचे पाय दाबून स्प्लिट 'बसवणे' हा सराव नव्हे. पालकांनी ते थांबवावे.

'ती इतकी लवचिक, तिची पाठ कशी दुखेल?' असे माता मला विचारतात. वारंवार मागे वाकल्याने वाढत्या वयात मणक्याच्या मागील भागाला बारीक तडा जाऊ शकतो. मागे वाकताना कंबर दुखत असेल, दुखणे एकाच बाजूस असेल किंवा आठवडाभराच्या विश्रांतीनेही ओसरत नसेल, तर मलम चोळत बसू नये. सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वेळीच निदान झाल्यास विश्रांती आणि योग्य व्यायाम यांनी बहुतेक मुली पुन्हा खेळू लागतात.

वजन घटवण्यासाठी मुलीला उपाशी ठेवू नये. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा आलेली पाळी तीन महिने चुकली, तर 'खेळाडूंचे असेच असते' म्हणून स्वस्थ बसू नये. अपुऱ्या आहाराची ती खूण असू शकते, आणि त्याची झळ हाडांना बसते.

आज मुलगी वर्गातून परतली की काय जमले हे अवश्य विचारा. त्याबरोबर कोठे दुखले हेही विचारा.