दुकान बांधताना घाटाखालचे ऊन विसरू नका

उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच आमच्या मलकापूरच्या कापड बाजारात चिटपाखरू फिरकत नाही. गिऱ्हाईक येते ते दिवेलागणीला, आणि दुकानदार मात्र दिवसभर पंखे, कूलर आणि दिव्यांचे बिल चढवत बसलेला असतो. तेजी-मंदीची चर्चा आपण रोज करतो. पण भिंतीमुळे आणि छतामुळे होणारे नुकसान कोणी वहीत लिहीत नाही.

हे लिहिण्याचे कारण असे की, आमच्या ओळीतले सात दुकानदार जुनी दुकाने पाडून एकत्र संकुल बांधायच्या विचारात आहेत. नकाशाही तयार होऊन आला. पश्चिमेला तोंड, समोर वरपासून खालपर्यंत काच, वर उघडा स्लॅब, मागे एकही खिडकी नाही. असा नकाशा पुण्यात चालेल, बुलढाण्यातही चालून जाईल. पण बुलढाणा घाटावर आणि आम्ही घाटाखाली. एकाच जिल्ह्यात दोन हवामाने आहेत हे इंग्रजांच्याही ध्यानात आले होते, आणि जिल्ह्याचे ठाणे त्यांनी थंड हवेच्या बुलढाण्याला ठेवले. आमच्या नकाशा काढणाऱ्याच्या ते ध्यानात आले नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. मरहूम अब्बांचे दुकान धाब्याचे होते. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, पुढे पडवी. दरवर्षी मृगाच्या आधी छतावर माती टाकावी लागे आणि तरीही एखाद्या पावसात गळेच. त्या गळतीला कंटाळून २००६ साली मी ते पाडले आणि काचेचे दुकान उभे केले. उद्घाटनाला सगळ्यांनी तारीफ केली. पहिल्याच उन्हाळ्यात दर्शनी ठेवलेल्या ताग्यांचा घडीवरचा रंग उडाला आणि चांगला माल कटपीसच्या भावात काढावा लागला. मग काचेला आतून पडदे लावले. काचेचे पैसे दिले, तिला झाकायचेही पैसे दिले!

कूलरची गोष्ट तर आणखी उलटी. मोठा कूलर दिवसाला सहज शंभर लिटर पाणी पितो, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा घरी प्यायच्या पाण्याची वाट पाहावी लागते.

धाब्याकडे परत जा, असे मी म्हणत नाही. सागाचे भाव पाहता ते होणारही नाही. इजिप्तचे वास्तुतज्ज्ञ हसन फतही यांनी १९४५ नंतर लक्सरजवळ न्यू गुर्ना हे मातीच्या विटांचे अख्खे गाव बांधले. लाकडाशिवाय मातीची कमान उभी करायचा हुन्नर त्यांनी न्युबियाच्या गवंड्यांकडून घेतला. जगभर नाव झाले, पण ज्यांच्यासाठी गाव बांधले त्यांतले बहुतेक राहायला आलेच नाहीत. त्यांना आपली जुनी जागा सोडायची नव्हती. म्हणून बांधणाऱ्याने आधी वापरणाऱ्याला विचारावे. दुकानदाराला आतून थंड आणि बाहेरून उठून दिसणारे दुकान पाहिजे, दोन्ही पाहिजेत.

ते होऊ शकते. केरळात लॉरी बेकर यांनी वीट आडवी न घालता उभी लावून मधे पोकळी ठेवणारी भिंत रूढ केली. विटा चौथ्या हिश्श्याने वाचतात आणि मधल्या हवेमुळे ऊन आत उतरत नाही. आमच्या मिस्त्रीला विटा मांडून दाखवले तेव्हा तो हसला, पण अर्ध्या तासात त्याने हात भरभर लावली. अहमदाबाद हे तर आपल्या धंद्याचे शहर. तिथे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर, २०१३ साली उन्हाळ्याचा कृती आराखडा झाला, आणि पुढे छतांना पांढरा थर द्यायचे कामही त्यात आले. अशा छताखाली दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असे सांगतात. चुन्याला फार पैसे लागत नाहीत.

आता पावसाचा हिशेब. आपल्याकडे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस धरा. पाचशे चौरस फुटांच्या छतावर बत्तीस हजार लिटर पडते. वाया जाणारे सोडले तरी पंचवीस हजार हाती लागते, म्हणजे दहा हजारी टँकर अडीच. शासनाच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पाणी जिरवायची सक्ती आहे, पण ती पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाला. बाजारातली दुकाने एकेकटी त्यात बसतच नाहीत. सात जणांनी मिळून एक टाके बांधायला मात्र कोणाची सक्ती लागत नाही.

मिळून केल्याचा दाखला लांब शोधायला नको. मालासाठी आपण बऱ्हाणपूरला जातो. तिथे खानखानान अब्दुल रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणले. कुंडी भंडारा आजही पाहता येतो. आणि आपल्याच जिल्ह्यात महामार्गाच्या रुंदीकरणाला लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाल्यांतून काढली गेली. ठेकेदाराला माती मिळाली, गावाला खोल तलाव मिळाले. त्याला देशभर बुलढाणा पॅटर्न म्हणतात. रस्त्याला जमले ते बाजाराच्या ओळीला का जमू नये?

मागच्या जुम्याला आमची बैठक झाली. पडवी, पांढरे छत आणि टाके तिघांना पटले. दोघे म्हणतात पडवीत तीन फूट जागा जाते, आणि बाजारात तीन फुटांचे मोल काय ते मला सांगायला नको. उरलेल्या एकाला काच पाहिजेच आहे. मी त्याला माझ्या दुकानातले पडदे बाजूला सारून दुपारी तीन वाजता दहा मिनिटे बसायला बोलावले आहे. अजून आलेला नाही.