विश्लेषण : निवृत्तांची वसाहत वाढली, मग जुन्या गावांच्या मताचं काय झालं?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात समटर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिच्या दक्षिणेला बुशनेल, वेबस्टर ही जुनी गावं. शेती, गुरं आणि वेबस्टरला १९३७ पासून भरणारा सोमवारचा बाजार ही त्यांची ओळख. उत्तरेला 'द व्हिलेजेस' ही ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी उभारलेली प्रचंड वसाहत आहे. तिथे डझनावारी गोल्फ मैदानं आहेत आणि लोक बाजारहाटालाही गोल्फ कार्टने जातात.

२००० साली काउंटीची लोकसंख्या सुमारे ५३ हजार होती. २०२० मध्ये ती जवळपास १ लाख ३० हजार झाली. आज निम्म्याहून जास्त रहिवासी ६५ च्या पुढचे आहेत.

मतांचं गणित कसं बदललं?

काउंटीचा कारभार पाच कमिशनर पाहतात. पूर्वी प्रत्येक विभाग आपला कमिशनर स्वतः निवडायचा. २००४ मध्ये सार्वमताने हा नियम बदलला. उमेदवार त्या विभागातलाच हवा, पण मत सगळी काउंटी देणार. आपल्याकडे एका वॉर्डाचा सदस्य अख्ख्या गावाने निवडला तर जे होईल, तेच इथे झालं. मतदार उत्तरेत जास्त, त्यामुळे वेबस्टरकडचा प्रतिनिधी कोण, हे वसाहतीची मतं ठरवू लागली.

वाद पेटला कशावरून?

२०१९ मध्ये कमिशनरांनी मालमत्ता कराचा दर २५ टक्क्यांनी वाढवला. वसाहत दक्षिणेकडे पसरत होती आणि रस्त्यांना पैसा हवा होता. वाढीव कर गावातल्या शेतकऱ्यालाही भरावा लागणार होता. नव्या घरांमागे बिल्डरकडून रस्त्यांसाठी शुल्क घेतलं जातं. खर्चाचा बोजा तिकडे का टाकला नाही, असा सवाल लोकांनी केला.

विशेष म्हणजे चिडले ते फक्त गावकरी नव्हते. निवृत्त रहिवासीही संतापले आणि २०२० च्या निवडणुकीत तीन विद्यमान कमिशनर घरी गेले. नव्या मंडळींनी २०२१ मध्ये बिल्डरवरचं शुल्क वाढवलं. पण त्याच वर्षी राज्याने अशा शुल्कवाढीवर मर्यादा घालणारा कायदा केला, तोही पूर्वलक्षी प्रभावाने.

यातून काय दिसतं?

अशा भांडणाला 'जुने विरुद्ध नवे' म्हणणं सोपं आहे. पण इथे करवाढ दोघांनाही खुपली. फरक एवढाच की, निवृत्तांकडे कमिशनर पाडण्याइतकी मतं होती, गावांकडे नव्हती. नवे लोक गावात मिसळतात की नाही, हा पुढचा प्रश्न. आधी पाहावं लागतं ते हे की, संख्येने कमी पडलेल्या गावाला स्वतःचा माणूस स्वतः निवडता येतो का.