भोरडीचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडा

मंडळी, ज्वारी निसवली की दरवर्षी एकच विषय निघतो, भोरड्या. कुणी म्हणतं जाळं लावा, कुणी म्हणतं औषध टाका. माझं मत वेगळं आहे, म्हणून लिहितोय.

आधी पक्षी नीट ओळखा. भोरडी म्हणजे पळसमैना, साळुंकीच्याच कुळातली. अंग गुलाबी, डोकं, पंख अन् शेपटी काळी, डोक्यावर मागं झुकलेला तुरा. पहिल्या वर्षाची पिल्लं मातकट, पिवळ्या चोचीची. बघणाऱ्याला वाटतं हा दुसराच पक्षी. मे-जूनमध्ये मध्य आशियात दगडांच्या कपारीत यांची वीण होते. पिल्लं उडती झाली की थवे इकडं निघतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. रात्रीचा मुक्काम उसात नाहीतर बाभळीत.

नुकसान होतं, हे खरंच. दाणा चिकात असताना थवा पडला की कणसं रिकामी. कर्जत, जामखेड, पारनेरच्या जोंधळेवाल्यांना हे सांगायला नको. पण हाच पक्षी नाकतोडे-टोळ फस्त करतो. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आवरायला मुद्दाम दगडांचे ढीग रचून याला घरट्यासाठी जागा करून देतात. आपल्या हरभऱ्यातली घाटेअळीही तो टिपतो. विष टाकलं तर त्याच्यासोबत साळुंक्या, होले, चितूरही जातात. मग अळीच्या फवारणीचा खर्च कुणाच्या खिशातून?

ज्वारीचं रान कमी होऊन कांदा-ऊस वाढला, हेही बघा. एकटादुकटा प्लॉट राहिला की सगळा थवा त्याच्यावरच पडतो. म्हणून:

– शेजाऱ्यांनी मिळून १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान एकाच वेळी पेरा. आगाप-मागास प्लॉटला मार जास्त बसतो.

– चिकापासून दाणा टणक होईपर्यंतच राखण महत्त्वाची. सकाळ-संध्याकाळ जोर लावा. चमकती फीत, डबा, गोफण आलटून पालटून वापरा. एकाच आवाजाला पाखरं सरावतात.

– हरभऱ्यात पक्षीथांबे लावा, ज्वारीत नको. हरभऱ्यात पाखरू हवंय, कणसावर नको.

– बांधावरचा पळस, पांगारा तोडू नका. फुलोऱ्यात मधासाठी भोरड्या तिकडं वळतात.

राखणीला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे मान्य. पण दोन-तीन आठवड्यांची राखण चार-पाच जणांनी वाटून घेतली तर जमतं. पाखराला दाण्यावरून उठवा, जिवावर उठू नका.

तुमच्या शिवारात कोणता उपाय चालला, जरूर सांगा.